वाळलाच नाही तो टॉवेल : आल्याच्या बिअरचं एक प्रकरण

रात्री पावणेदोनला ताईचा फोन आला तेव्हा मला आधी अण्णांचीच काळजी वाटली. त्यांचं वय चौऱ्याऐंशी. पण ताई म्हणाली, "अण्णा झोपलेत गं. कोठीत काहीतरी फुटलंय. दोनदा आवाज आला." ती बोलत असतानाच तिसरा आवाज मला फोनवरच ऐकू आला.

कोठी म्हणजे ज्वारी साठवायची पत्र्याची कोठी. जुळे सोलापुरातल्या त्या घरात आता माणसं तीन, त्यांना पोत्यानं ज्वारी कशाला लागतेय? म्हणून कोठी रिकामीच होती. भाच्याने तिच्यात आल्याच्या बिअरच्या अर्धा-अर्धा लिटरच्या एकोणीस बाटल्या ठेवल्या होत्या, अंधार हवा म्हणून. काचेच्या बाटल्या, तारेच्या चापाचं झाकण असलेल्या. पत्र्याने काचा आतच अडवल्या, एवढं त्या रात्रीचं नशीब. सकाळी जाऊन पाहिलं तर सोळा शाबूत, तिघींचा चुरा, तळाला दोन बोटं चिकट पाणी आणि कोठीला आतून बाहेर आलेले पोचे.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की त्याचं निदान मी चुकवलं. आयुष्यभर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, म्हणून चुकवलं असंही म्हणता येईल.

आधी थोडी पार्श्वभूमी. भाचा दोन वर्षं इंग्लंडात, लीड्सला होता. तिथे घरी बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही. त्याच्या खोलीतले मित्र करायचे, तोही शिकला. परत येताना बॅगेत साखर मापायचा हायड्रोमीटर, बादलीच्या झाकणाला लावायची, आतला वायू सोडणारी पण बाहेरची हवा आत न घेणारी नळी आणि बिअरच्या सुक्या यीस्टची पाकिटं घेऊन आला. जेवताना त्याने बेत सांगितला तेव्हा मी ताटावरच त्याला थांबवलं. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. तुझ्या आजोबांच्या घरावर पोलीस आलेले मला बघायचे नाहीत, असंही म्हणाले. तो हिरमुसला. मग आठ दिवसांनी म्हणाला, "मावशी, आल्याची करू? नावालाच बिअर आहे ती. साखर, आलं, लिंबू. नुसता फेस आणायचा."

यात तथ्य होतं. इंग्लंडातली जुनी जिंजर बिअर ही मुळात आंबवूनच करायचे, आजच्या बाटलीबंद सोड्यासारखी वायू भरून नाही. हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९२ मध्ये तिच्या विरजणावर मोठा निबंध लिहिला आणि त्यात एक यीस्ट आणि एक जिवाणू एकमेकांच्या आधाराने राहतात हे दाखवून दिलं. मी हे शिकवलेलं. त्यामुळे उत्साहाच्या भरात मीही होकार दिला, आणि 'नुसता फेस' या दोन शब्दांवर तेव्हा विचार केला नाही. त्याकडे पुढे येते.

त्याची कृती साधी होती. दहा लिटर पाणी, साडेसातशे ग्रॅम साखर, पाव किलो किसलेलं आलं, सहा लिंबं. आलं आणि साखर थोड्या पाण्यात उकळायची, गाळायची, उरलेलं उकळून गार केलेलं पाणी घालायचं, पाव चमचा यीस्ट. एक दिवस बादलीत, नळीचं झाकण लावून. मग बाटल्यांत भरायचं, आणखी एक दिवस बाहेर ठेवायचं, मग फ्रीज.

पहिल्या चार खेपा एप्रिल-मेमधल्या. सोलापूरचा मे. बाहेर ४१-४२ अंश, घरात पंख्याखाली ३६. लीड्समध्ये त्याला बादली उबदार ठेवायला घोंगडी गुंडाळावी लागायची, इथे उलटी अडचण. यीस्टला २० ते २४ अंश बरे. पस्तिशीत ते काम करतं, पण बेफाम करतं, आणि चवीला उग्र, डोक्यात जाणारा वास येतो. भाच्याने मग शक्कल लढवली ती पूर्ण सोलापुरी होती. मोठ्या टबात पाणी, त्यात बादली, बादलीभोवती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून आणलेला जाड टर्किश टॉवेल, टॉवेलचं टोक पाण्यात बुडलेलं, समोर टेबल फॅन. टॉवेल टबातलं पाणी वर ओढतो, पंख्याच्या वाऱ्याने ते वाळतं, बादली गार पडते. माठाचंच तत्त्व. टबातलं पाणी २४ अंशांवर राहिलं. खोलीपेक्षा बारा अंश कमी! बाटल्याही भरल्यावर त्याच टबात, त्याच टॉवेलखाली. चारही खेपा उत्तम झाल्या. चुलत-मामे सगळी भावंडं पिऊन गेली.

मग पावसाळा लागला, आणि श्रावणात त्याने पाचवी खेप घातली. कृती तीच, टॉवेल तोच, यीस्टचं पाकीट तेच, तास तेवढेच. वर त्याची खात्री अशी की आता तर हवा गार आहे, आता काय होणार! बाटल्या भरून संध्याकाळी टॉवेलखाली ठेवल्या, दुसऱ्या संध्याकाळी फ्रीजमध्ये ताईच्या उपासाच्या सामानामुळे जागा नव्हती म्हणून रात्रीपुरत्या कोठीत टाकल्या. रात्री पावणेदोनला फोन.

शाबूत सोळा बाटल्यांचं काय करायचं, हा पहिला प्रश्न. ज्याच्या घरी असं काही फुटलं असेल त्याने नीट वाचावं, कारण इजा बहुतेकदा फुटताना होत नाही, नंतर आवरताना होते. बाटली उचलायची नाही, हलवायची नाही, झाकणाला हात लावायचा नाही. आधी गार करायची. कार्बन डायऑक्साइड गार पाण्यात जास्त विरघळतो, त्यामुळे तीच बाटली, तेवढाच वायू, पण गार झाल्यावर आतला दाब उतरतो. आम्ही कोठीवर जाड सोलापुरी चादर टाकली, कडेने हळूहळू साधं पाणी सोडलं, मग थोड्या थोड्या वेळाने बर्फ. एकदम बर्फ टाकायचा नाही, ताणलेल्या काचेला अचानक गारठा सोसत नाही. तीन तास थांबलो. मग भाच्याने हेल्मेट घालून, काच खाली ओढून, जाड हातमोजे चढवून, चादरीखाली हात घालून एकेक चाप उघडला. सोलापुरात दुचाकीवरही इतक्या मनोभावे हेल्मेट घातलेला माणूस मी पाहिला नाही. प्रत्येक बाटली कारंज्यासारखी उडाली. सगळ्या. हे 'सगळ्या' मी ऐकलं, पाहिलं, आणि त्याचा अर्थ लावला नाही.

कारण माझं निदान तोवर झालेलं होतं. संसर्ग. पावसाळा, दमट हवा, बुरशी, कुठलंतरी जंगली यीस्ट किंवा लॅक्टिक जिवाणू बाटल्यांत शिरला असणार. बिअरच्या बाबतीत हे अगदी शास्त्रशुद्ध आहे. बिअर बाटलीत भरण्याआधी पूर्ण आंबू देतात; यीस्टला खाता येईल ती साखर संपलेली असते, मग फेसापुरती लिटरला सहा-सात ग्रॅम साखर मोजून घालतात. अशा बाटलीत नंतर जास्त वायू झाला तर एक तर साखर मोजण्यात चूक, नाहीतर आंबणं पूर्ण व्हायच्या आधी भरली, नाहीतर बाहेरचा कुणीतरी शिरला आणि नेहमीच्या यीस्टला न पचणारी लांब साखळीची साखरही खाऊन बसला. मी भाच्याला सगळं पुन्हा धुवायला लावलं. ब्लीचचं पाणी, उकळतं पाणी, नळी बदल, बादलीचा ओरखडे पडलेला भाग घासून काढ. बिचाऱ्याने दोन दिवस घासलं. माझ्या आग्रहावरून सहावी खेप काचेऐवजी सोड्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांत भरली, फुटली तरी काचा नकोत म्हणून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने फोटो पाठवला. बाटल्यांची बुडं फुगून गोल झाली होती, एकही सरळ उभी राहत नव्हती. पुन्हा सगळ्याच, आणि सारख्याच.

इथे तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती. संसर्ग असा सारखा नसतो. तो एखाद्या बाटलीच्या गळ्याशी, एखाद्या झाकणाच्या रबरात लपलेला असतो. दोन बाटल्या उडतात, चार शांत निघतात, एखादी आंबट लागते, मानेशी पांढरट कडं किंवा वर तवंग दिसतो. मी चव घेतली होती. आंबट नव्हती. उलट गोडी मेपेक्षा थोडी कमी आणि आलं जास्त चरचरीत, एवढंच. शिवाय मुळातला मुद्दा: या पेयात लिटरला पंचाहत्तर ग्रॅम साखर उघडी पडलेली आहे. ती खायला बाहेरचा कुणी यायची गरजच नाही. घरचं यीस्टच ती खात बसलेलं आहे, आणि आपण ते अर्ध्या वाटेत बाटलीत कोंडतो. बिअरची बाटली म्हणजे विझलेल्या चुलीवर ठेवलेलं पातेलं, आल्याच्या बिअरची म्हणजे पेटत्या चुलीवरचा कुकर. शिट्टी नसलेला. ती सगळी साखर बाटलीत आंबली तर पेयाच्या विसेक पट आकारमानाचा वायू तयार होईल आणि कुठलीही बाटली टिकणार नाही. प्रश्न फक्त एवढाच की तेवढ्याच चोवीस तासांत या वेळी यीस्टने जास्त का खाल्लं.

उत्तर अण्णांनी दिलं. मी आणि भाचा स्वयंपाकघरात त्या डुलणाऱ्या बाटल्यांभोवती बसून वाद घालत होतो. अण्णा चहा घेत ऐकत होते. ते आयुष्यभर गिरणीत, सूत खात्यात. बराच वेळाने त्यांनी विचारलं, "काय रे, त्यो टॉवेल वाळत होता का?"

भाचा म्हणाला, "नाही ना अण्णा. मेमध्ये दिवसातून तीनदा टबात पाणी घालावं लागायचं. आता एकदाही नाही लागलं." तो हे कौतुकाने सांगत होता, त्रास वाचला म्हणून.

"मग गारवा कुठनं यील?" अण्णा म्हणाले, आणि बशीतला चहा संपवला.

आम्ही दोघंही गप्प. पावसाळ्यात माठातलं पाणी गार होत नाही हे या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. टॉवेल गार करत नाही, टॉवेलमधून *उडून जाणारं* पाणी गार करतं. एक लिटर पाणी वाळताना जेवढी उष्णता घेऊन जातं, तेवढ्यात शंभर लिटर पाणी साडेपाच-पावणेसहा अंशांनी उतरेल. मेमध्ये हवा कोरडी ठाक, ती पाणी घटाघटा पिते. श्रावणात हवा आधीच पोटभर प्यालेली. टबाची पातळी उतरत नाही, याचा अर्थ गारवा शून्य, आणि तो आकडा भाचा रोज डोळ्याने वाचत होता.

अण्णांनी पुढे जे सांगितलं ते गिरणीतल्या माणसाला नवीन नाही, मला होतं. हवेतली ओल कमी झाली की सूत तुटतं, म्हणून खात्यात पाण्याचे फवारे असतात, आणि भिंतीवर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगलेले. एक कोरडा, एक ओला. ओल्याच्या फुग्याला ओली वात गुंडाळलेली, तिचं टोक पाण्याच्या भांड्यात. दोघांतला फरक मोठा तर हवा कोरडी, फवारे सोडा. पावसाळ्यात फरक दोनावर आला की फवारे बंद. "बादलीला गुंडाळला त्योबी ओला थर्मामीटरच की," ते म्हणाले. टॉवेल कितीही भिजवा, पंखा कितीही लावा, बादली ओल्या थर्मामीटरच्या खाली जाऊ शकत नाही. ती त्या पद्धतीची जमीन आहे.

मी घरून दोन थर्मामीटर आणले. त्याच टर्किश टॉवेलचा धागा उसवून वात केली. स्वयंपाकघरात दुपारी चारला: कोरडा २९, ओला साडेसव्वीस. फरक अडीच. बादलीतलं पेय किती? साडेअठ्ठावीस! ओल्या थर्मामीटरपेक्षाही दोन अंश वर, कारण पाऊस आत येतो म्हणून खिडकी बंद, हवा गार म्हणून पंखा बंद, यीस्ट स्वतः आंबताना थोडी उष्णता सोडतं, आणि न वाळणारा ओला टॉवेल ती बाहेर जाऊ देत नाही. मेमधला कुलर श्रावणात गोधडी झाला होता. मेच्या नोंदींत पेयाचं तापमान २४. बाहेर बारा अंशांनी थंड झालं आणि बादली साडेचार अंशांनी तापली, असा तो उलटा हिशेब.

साडेचार अंश ऐकायला काहीच नाहीत. पण यीस्टचा वेग ढोबळमानाने दर दहा अंशांना दुप्पट होतो, तर साडेचाराला १.४ पटीजवळ. हा फरक दोनदा लागू पडतो. बादलीतल्या दिवशी यीस्टची संख्या जास्त वाढते, आणि ती वाढलेली फौज दुसऱ्या दिवशी बाटलीत जास्त वेगाने खाते. शिवाय तापलेल्या पेयात वायू कमी मावतो. वातावरणाच्या दाबाला एक लिटर पाण्यात ५ अंशांना सुमारे १.४ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो, २५ अंशांना ०.७६, तिशीत ०.६६. म्हणजे वायू जास्त तयार झाला आणि त्याला राहायला जागा कमी, दोन्ही एकाच वेळी. माझ्या हिशेबाने मेच्या बाटलीत बाहेरच्या हवेपेक्षा दोन वातावरणांचा जादा दाब होता, म्हणजे मोटारीच्या टायरमध्ये भरतो तेवढा. श्रावणात चारच्या वर. साध्या काचेच्या, अनेकदा वापरलेल्या बाटलीत टायरच्या दुप्पट हवा भरून आपण ती ताईच्या कोठीत ठेवली होती.

भाच्याला एक गोष्ट पटेना. तो हायड्रोमीटर वापरत होता. (ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: दूधवाल्याकडे असतो तो लॅक्टोमीटर त्याचाच भाऊ. साखरेच्या पाण्यात वर तरंगतो, साखर संपत जाईल तसा बुडत जातो.) साध्या पाण्यात तो १.००० दाखवतो. पाचव्या खेपेच्या नोंदीत सुरुवात १.०२७, शेवट १.०२३. चारच खुणांची घट. मेमध्ये एकच खूण. "एवढ्याने बाटल्या फुटतात?"

वही मागून घेतली आणि उलगडा झाला. त्याच्या हायड्रोमीटरच्या कागदी पट्टीवर बारीक अक्षरात २० अंश लिहिलेलं आहे. तो त्याच तापमानाला खरं बोलतो. भाचा सुरुवातीचं माप घ्यायचा कोमट पाकाचं, तिशीतलं. शेवटचं माप फ्रीजमधून काढलेल्या, पाचव्या खेपेत बर्फाने गार केलेल्या, बाटलीचं, दहा अंशांचं. तिशीत पाणी पातळ, हायड्रोमीटर जास्त बुडतो, अडीच खुणा कमी दाखवतो. दहाला पाणी दाट, दीड खूण जास्त दाखवतो. म्हणजे एका टोकाला कमी, दुसऱ्याला जास्त, आणि मधली घट चार खुणांनी गिळलेली. दुरुस्त केल्यावर पाचवी खेप: १.०२९५ वरून १.०२१५, खरी घट आठ खुणा. मेची खेप एक नाही, पाच. त्यात आणखी एक खोट अशी की फसफसत्या पेयात बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात. दोन पेल्यांत दहा-बारा वेळा चहासारखं वरखाली ओतून वायू घालवला नाही तर ते माप घेऊच नये.

हे आकडे समोर आल्यावर मला दुसरीच काळजी लागली, आणि खरं सांगायचं तर फुटलेल्या बाटल्यांपेक्षा मोठी. घटीला १३१ ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी येते. आठ खुणा म्हणजे ०.००८, गुणिले १३१, एक टक्क्याच्या थोडं वर. अन्नसुरक्षेच्या नियमांत अर्ध्या टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय मद्यात मोडतं. मेमधल्या पाच खुणांच्या खेपाही ०.६५ वर होत्या. म्हणजे ज्या खेपांना मी उत्तम म्हटलं, ज्या ताईच्या नणंदेच्या पाचवीतल्या मुलीने पेलाभर प्यायल्या, त्याही रेषेच्या पलीकडच्या. मुलीला काही झालं नाही, तेवढ्याने होतही नाही. पण घरात दारू नको म्हणून मी ज्या पोराला ताटावर थांबवलं, त्याला आल्याची वाट मीच मोकळी करून दिली होती. 'नुसता फेस' असं काही नसतं. यीस्ट वायू आणि अल्कोहोल जोडीनेच करतं, वजनाने जवळजवळ समसमान.

आणि या जोडीतूनच कृतीतली मूळ गफलत सापडली. बादलीतला पहिला दिवस कशासाठी होता? बिअर करताना बादलीत आंबवतात, म्हणून भाचाही आंबवत होता. लीड्सची सवय. पण बादलीत झालेला वायू नळीवाटे उडून जातो आणि अल्कोहोल मात्र मागे राहतं. आपल्याला हवं ते सोडून द्यायचं आणि नको ते ठेवून घ्यायचं, असा तो दिवस. तो काढूनच टाकला. आता पाक गार झाला, पाणी-लिंबू-यीस्ट मिसळलं की थेट बाटलीत. तीन खुणांच्या घटीत पेयाच्या आकारमानाच्या दीडेक पट वायू तयार होतो, पेल्यात छान फेस येतो, आणि अल्कोहोल ०.४ च्या आसपास थांबतं. तीन खुणा ही आमची रेषा ठरली. तरी पाचवीतल्या मुलीला आता साधं आल्याचं सरबत मिळतं, आणि तिची तक्रार चालू आहे.

बाटल्या सगळ्या सोड्याच्या प्लॅस्टिकच्या. भाच्याला त्या दिसायला आवडत नाहीत, पण त्या दाबासाठीच केलेल्या असतात आणि मुख्य म्हणजे बोलतात. भरताना मऊ, दाबली की पिचकते. वायू साठत जाईल तशी टणक होते. घड्याळ बघायचं नाही, बाटली दाबायची. नव्या सोड्याच्या बाटलीइतकी टणक लागली की एक फोडून, वायू घालवून, वीस अंशांच्या जवळ आणून मापायची. तीन खुणा झाल्या असतील तर बाकीच्या लगेच फ्रीजमध्ये. जागा आधी करून ठेवायची, हे ताईचं कलम. फ्रीजमध्येही यीस्ट झोपतं, मरत नाही. आठवड्यात संपवायच्या, आणि लाइट बराच वेळ गेली तर पुन्हा दाबून बघायच्या.

पावसाळ्यात टॉवेल बंद. टबात सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या पाण्याच्या दोन-दोन लिटर बाटल्या. टबातलं पाणी २३-२४ वर राहतं. कंटाळवाणं काम आहे, फ्रीजरमधली निम्मी जागा जाते, पण बर्फाला हवेतल्या ओलीशी देणंघेणं नाही. भाद्रपदात दोन खेपा अशा काढल्या. पहिली छत्तीस तासांनी टणक झाली, दुसरी चाळीस. आधी आम्ही चोवीस तास म्हणायचो; बादलीतला दिवस गेल्यावर वेळ वाढणारच होता. दोन्हीत घट तीन खुणा, एकीत जराशी वर.

एक गोष्ट सुटलेली नाही. एकोणीसपैकी त्या तीनच का फुटल्या? दाब सगळ्यांत सारखाच होता. भाच्याचं म्हणणं, त्या तिन्ही जुन्या बाजारातून आणलेल्या होत्या. चुऱ्यात खांद्याचा एक तुकडा मिळाला त्यावर जुना ओरखडा होता खरा, पण शाबूत सोळांतही जुन्या बाजारातल्या दोन आहेत. मी त्यांत आता कोरडी मिरची आणि धणे भरून ठेवलेत.

वातीचे ते दोन थर्मामीटर परत न्यायला गेले तर अण्णांनी ते फ्रीजशेजारी खिळ्याला टांगलेले. शेजारी भाच्याच्या जुन्या वहीत रोज दोन आकडे आणि वजाबाकी, गिरणीतल्या रजिस्टरसारख्या रेघा मारून. दसऱ्यानंतर पाऊस ओसरला तशी वजाबाकी वाढत गेलेली दिसते: ३, ५, ५, ८. ज्या दिवशी ९ लिहिलं त्या दिवशी त्यांनी भाच्याला हाक मारून सांगितलं, "टॉवेल काढ आता."